चौदाव्या होलवरून परत

32 जणांच्या नॉक-आउट स्पर्धेत 31 जण हरतात. क्लबच्या महिन्याच्या मेडलला 80 जण उतरले तर संध्याकाळी करंडक एकाच्या हातात असतो आणि उरलेले 79 टाळ्या वाजवतात. टेनिस किंवा बुद्धिबळ बऱ्यापैकी खेळणारा माणूस निम्मे सामने तरी जिंकतो. गोल्फमध्ये जगातला सर्वांत चांगला खेळाडूही बहुतेक आठवडे हरूनच घरी जातो. जॅक निकलसनं 18 मेजर स्पर्धा जिंकल्या आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्याच निकलसची दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही: मेजर स्पर्धांमध्ये तो 19 वेळा दुसरा आला. इतक्या मोठ्या खेळाडूच्या वाट्याला विजयांपेक्षा हातातोंडाशी येऊन निसटलेल्या स्पर्धाच जास्त आल्या.

हरणं इतकं रोजचं असेल तर त्याची सवय व्हायला हवी. ती होत नाही. कारखाने चालवणारी, मोठमोठी ऑपरेशनं करणारी, शेकडो माणसांना हाताखाली वागवलेली माणसं सामना हरल्यावर लॉकर रूममधल्या बाकावर एक बूट काढून, दुसरा तसाच पायात ठेवून बसलेली मी पाहिली आहेत. त्यांना त्या वेळी कुणी चहा विचारला तरी ऐकू जात नाही. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. मला वाटत नाही. क्रिकेटमध्ये हरलेल्याच्या हाताशी पुष्कळ आधार असतात: टॉस होता, खेळपट्टी होती, अंपायर होता, भलत्याच वेळी धावत सुटलेला जोडीदार होता. गोल्फमध्ये चेंडू आपल्यासमोर निमूट पडलेला असतो आणि त्याला कधी मारायचं हे आपणच ठरवायचं असतं. प्रतिस्पर्धी आपल्या चेंडूला हात लावत नाही. फेरी चार-साडेचार तास चालते, त्यात प्रत्यक्ष फटके मारण्यात जेमतेम काही मिनिटं जातात. बाकीचा सगळा वेळ चालायचा आणि विचार करायचा. मन खचवायला एवढा निवांत वेळ दुसरा कुठला खेळ देत असेल असं मला वाटत नाही.

हौशी खेळाडूचं दुखणं आणखी वेगळं असतं. व्यावसायिक खेळाडू पस्तिसावा आला तरी त्याला चेक मिळतो, पुढच्या आठवड्याचं तिकीट निघतं. हौशी माणूस सोमवारी सकाळी ऑफिसात जातो. तिथे कुणाला त्याच्या स्पर्धेची खबर नसते. ज्यांनी राज्य नाट्य स्पर्धेसाठी नोकरी सांभाळून तीन-तीन महिने तालमी केल्या आणि प्राथमिक फेरीचा निकाल ऐकून गुपचूप सेटचं सामान टेम्पोत चढवलं, त्यांना ही सोमवारची सकाळ नीट ठाऊक आहे. पैशासाठी केलेलं नव्हतं, कुणी सांगितलं म्हणून केलेलं नव्हतं. मनापासून केलं होतं, म्हणून मनालाच लागतं. अशा वेळी शेजारचा माणूस ‘अरे, खेळच तर आहे’ म्हणतो ते चांगल्या हेतूनं म्हणतो, पण त्याचा उपयोग होत नाही. नुसता खेळ असता तर पहाटे पाचला उठून, दव पडलेल्या ग्रीनवर पट मारत कोण उभं राहिलं असतं?

या दुखण्याचा बराचसा भाग आपल्या अपेक्षेत असतो, आणि ती अपेक्षा हँडिकॅप नावाच्या आकड्यातून तयार होते. 2020 पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली. तिच्यात आपल्या शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठच हिशेबात धरल्या जातात. बाकीच्या बारा फेऱ्या कागदावर राहतात, आकड्यात येत नाहीत. म्हणजे माझा हँडिकॅप नऊ असेल तर तो माझा रोजचा खेळ नाही. माझे चांगले दिवस निवडून काढलेला तो आकडा आहे. पाचातून एखाद्या वेळीच माणूस हँडिकॅपइतका किंवा त्याहून चांगला खेळतो. पण टीवर उभं राहताना हे कुणाच्या डोक्यात नसतं. आपण नऊचे खेळाडू, म्हणून आज नऊनंच खेळायला हवं, असं धरून माणूस चालतो आणि चौथ्या होलवर डबल बोगी झाली की आज आपण आपल्यासारखे खेळत नाही म्हणून चिडतो. खरं तर तो अगदी स्वतःसारखाच खेळत असतो. मला हे गणित नीट समजलं तेव्हा मोठा दिलासा मिळाला. गोल्फ शिकवणाऱ्यांनी पकड आणि स्टान्स शिकवायच्या आधी हे गणित समजावून सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

असंच दुसरं गणित पटचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांसमोर येतो तो बहुधा एखादा सहा-सात फुटांचा, कडेला चाटून गेलेला पट. तो गेला असता तर सामना पुढे गेला असता, पुढच्या होलवर मला शॉट मिळत होता, मग उपांत्य फेरी... असं ते सुरू होतं ते थांबत नाही. टीव्हीवर दिसणारे, दिवसचे दिवस पटिंगचा सराव करणारे व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. निम्मे त्यांचेही चुकतात. रात्री दोन वाजता हे आठवतं का? मला आठवतं, आणि आठवलं की कूस बदलून झोप लागते. ज्यांना लागत नाही त्यांनी उठून पाणी प्यावं, पण बैठकीच्या खोलीत पटर घेऊन गालिच्यावर सराव करायला लागू नये. त्या वेळी केलेल्या सरावानं पट सुधारत नाही, जखम तेवढी उघडी राहते.

स्ट्रोक प्लेमधलं हरणं आणि मॅच प्लेमधलं हरणं यांत फरक आहे. मॅच प्लेमध्ये कुणी किती होल जिंकले ते मोजतात, स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येक फटका मोजला जातो. एका होलवर आठ-नऊ लागले की दिवस संपला, तरी पुढचे सगळे होल खेळायचे, दुसऱ्याचं कार्ड लिहायचं, सही करायची. या छळातून माणसांना सोडवायला एका डॉक्टरनं उपाय काढला. फ्रँक स्टेबलफर्ड हे इंग्लंडमधले सर्जन. वॉलसीचा त्यांचा कोर्स समुद्राकाठचा, तिथे वारा असा की दोन फटक्यांत ग्रीन गाठणं मुश्कील. 1932 मध्ये त्यांनी तिथे गुणांची पद्धत सुरू केली. होल बिघडला तर शून्य गुण, चेंडू उचला आणि पुढे चला. त्या होलचं ओझं पुढच्यावर नाही. आज आपल्याकडच्या क्लबांतल्या कितीतरी स्पर्धा त्यांच्या नावानं खेळल्या जातात. आपल्या लेखी हरलेल्या माणसाला सतरा होल परत मिळवून देणारा हा डॉक्टर गोल्फमधल्या कुठल्याही विजेत्याइतकाच मोठा आहे.

स्टेबलफर्डची पद्धत यायच्या अकरा वर्षं आधी, 1921 मध्ये, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजवर एकोणीस वर्षांचा एक अमेरिकन हौशी खेळाडू ओपन खेळायला आला होता. बॉबी जोन्स. पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलना त्याला 46 लागले, दहाव्यावर डबल बोगी झाली, आणि अकराव्यावर चेंडू बंकरमध्ये गेला. तिथे त्यानं खेळ सोडला. कार्ड फाडलं म्हणतात, कुणी म्हणतात नुसता चेंडू उचलला. काही असो, सेंट अँड्र्यूजवर, जिथे माणसं गोल्फला देवधर्मासारखं मानतात, तिथे तो अर्ध्यातून उठला. ही गोष्ट त्याला आयुष्यभर बोचली आणि त्यानं ती कधी लपवली नाही.

जोन्स हौशी गोल्फमधला सर्वांत मोठा माणूस. तो कधीच व्यावसायिक झाला नाही. इंजिनियरिंग शिकला, हार्वर्डला साहित्य शिकला, वकील झाला आणि वकिलीतून वेळ काढून खेळला. 1930 मध्ये ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या ओपन आणि अमॅच्युअर अशा चारही स्पर्धा त्यानं एकाच वर्षात जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धात्मक खेळ थांबवला. त्याचं हे यश सगळ्यांना माहीत असतं. मला ओढ आहे ती त्याच्या सुरुवातीच्या सात वर्षांची. 1916 मध्ये चौदा वर्षांचा असताना तो मेरियनला पहिली अमेरिकन अमॅच्युअर खेळला आणि तिसऱ्या फेरीत हरला. 1919 मध्ये अंतिम सामना हरला. 1920 मध्ये उपांत्य फेरीत फ्रान्सिस विमेटनं हरवलं. 1921 मध्ये पुन्हा हरला. 1922 मध्ये ब्रुकलाइनला जेस स्वीट्सरनं त्याला आठ-सात असा, म्हणजे सात होल उरलेले असतानाच गारद केला. लोक म्हणायला लागले होते की पोरगं फटके सुंदर मारतं, पण जिंकायचं काही त्याच्या नशिबात नाही. त्या काळात तो क्लब फेकायचा. एकदा फेकलेला क्लब प्रेक्षकांतल्या एका बाईच्या पायाला लागला आणि अमेरिकन गोल्फ संघटनेच्या अध्यक्षांनी ताकीद दिली की राग आवरता येत नसेल तर खेळायला येऊ नकोस. 1923 मध्ये इनवुडला तो पहिली यूएस ओपन जिंकला, तेही प्ले-ऑफ खेळून.

या सात वर्षांत त्याच्यात काय बदललं हे त्यानं स्वतः सांगून ठेवलं आहे. समोरच्या माणसाशी खेळणं त्यानं सोडून दिलं आणि पारशी खेळायला सुरुवात केली. पार हा एक म्हातारा खेळाडू आहे असं त्यानं मानलं. हा म्हातारा कधी बर्डी करत नाही, कधी बोगीही करत नाही, कुणावर रागावत नाही. त्याच्याबरोबर नेटानं चालत राहिलं की समोरचा आज ना उद्या मागे पडतो. फटका मारायच्या वेळी याहून शहाणं धोरण मला माहीत नाही. समोरच्याचा ड्राइव्ह कुठे गेला, त्याचा पट किती फुटांचा उरला, याकडे लक्ष गेलं की आपला हात आखडतो.

पण सामना संपल्यावर काय? इथे माझा अनुभव वेगळं सांगतो, आणि तो एका सामन्यात मला मिळाला.

आमच्या क्लबातली हिवाळ्यातली हँडिकॅप नॉक-आउट. समोर लष्करातून निवृत्त झालेले एक कर्नलसाहेब होते. माझ्याहून वयानं पुष्कळ मोठे, हँडिकॅप चौदा, माझा नऊ, म्हणजे सर्वांत अवघड पाच होलवर मी त्यांना एकेक शॉट द्यायचा. त्यांचा ड्राइव्ह जेमतेम एकशे ऐंशी यार्ड जायचा, पण तारेवरून ओढल्यासारखा सरळ. माझा चाळीस-पन्नास यार्ड पुढे पडलेला असायचा. प्रत्येक होलवर आधी त्यांनी दुसरा फटका मारायचा, तो ग्रीनच्या तोंडाशी जाऊन थांबायचा, मग मी मारायचा. सातव्यापर्यंत बरोबरी होती. बाराव्यावर त्यांचा चेंडू ग्रीनच्या डाव्या बंकरमध्ये, उंच काठाच्या अगदी खाली पडला. झेंडा पलीकडे दहा पावलांवर. माझा चेंडू ग्रीनवर होता. त्यांनी बंकरमध्ये उतरून पाय रोवले, एकदा झेंड्याकडे पाहिलं, पाय पुन्हा थोडे हलवले. मग आवाज आला तो नेहमीचा फसफस नव्हता, जरा जड होता. चेंडू काठावरून वर आला, दोन टप्पे खाऊन घरंगळला आणि होलपासून हातभर अंतरावर थांबला. मी टोपीला हात लावून तो पट देऊन टाकला. माझे दोन पट लागले. शॉट त्यांचा होता, होलही त्यांचा झाला. चौदाव्या ग्रीनवर त्यांनी पंधरा फुटांचा पट घातला आणि सामना पाच-चारनं संपला.

मॅच प्लेची ही एक खासियत आहे. सामना जिथे संपतो तिथेच संपतो, आणि तो बहुधा क्लबहाउसपासून लांब संपतो. आमचा चौदावा कोर्सच्या पार टोकाला आहे. टोप्या काढल्या, हात मिळवले, कॅडींनी झेंडा लावला, आणि आता ज्यानं हरवलं त्याच्याच बरोबर वीस-पंचवीस मिनिटं चालत यायचं. बाजूनं दुसऱ्यांचे सामने चालू असतात, त्यामुळे झाडांच्या कडेकडेनं, हळू आवाजात बोलत. कोवळं ऊन, टिटव्यांची ओरड, मागे बॅगेतल्या क्लबांचा खुळखुळाट. या वाटेवर बहुतेक हरलेली माणसं एकच बोलतात: आज माझा पटर चालला नाही, पाठ धरली होती, शॉट द्यायला लागले, मीच सामना घालवला.

‘मीच घालवला’ हे ऐकायला नम्र वाटतं. मला त्यात गर्व दिसतो. मी माझ्यासारखा खेळलो असतो तर तुमचं काही चाललं नसतं, असंच त्यात म्हटलेलं असतं. चौदा होल मनापासून खेळलेल्या माणसाच्या हातून त्याचा विजय आपण काढून घेतो आणि त्याला फक्त आपल्या पडझडीचा साक्षीदार करतो. शिवाय सगळा दोष स्वतःकडे घेतला की तो घेऊन रात्रभर जागावं लागतं.

त्या दिवशी चालता चालता मी त्यांना विचारलं, “सर, बाराव्यावरचा बंकर शॉट कसा काय मारलात?”

ते खुलले. “वाळू ओली होती,” म्हणाले. “वरून कोरडी दिसते, सकाळी स्प्रिंकलर चालू होते ना. पाय रोवले तेव्हा खालचा थर घट्ट लागला. मग फेस तेवढा उघडला नाही. उघडला असता तर क्लब आपटून वर उसळला असता आणि चेंडू पलीकडच्या रफमध्ये. असल्या वाळूत फेस सरळ ठेवायचा, थोडं खोल जाऊ द्यायचं.”

नियमानं बंकरमधली वाळू हातानं किंवा क्लबनं चाचपून पाहता येत नाही. पाय रोवणं मात्र आलंच. ते पायांनी वाळू वाचत होते आणि मी ग्रीनवर उभा राहून ते बघत होतो; मला दिसला होता फक्त पाय हलवणारा एक वयस्क माणूस. विचारलं नसतं तर बारावा होल माझ्या लेखी दोन पटांचा होल राहिला असता. विचारल्यावर कळलं की तो त्यांनी जिंकलेला होल होता. क्लबहाउसपर्यंत आम्ही बोलत राहिलो. पंधराव्याच्या कडेला त्यांनी त्यांचा कोपरा कसा दुखावला होता आणि पस्तिशीनंतर स्विंग कसा आखूड केला ते सांगितलं. त्या रात्री मला नेहमीसारखी झोप लागली. हरल्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, वाटत होतंच. पण त्या वाटण्याला आता दुसऱ्या माणसाचा चेहरा होता.

तेव्हापासून मी जोन्सच्या गोष्टी वेगळ्या रीतीनं वाचतो. 1925 ची यूएस ओपन वूस्टरला होती. पहिल्या फेरीत अकराव्या होलवर ग्रीनजवळच्या रफमध्ये जोन्स फटक्याला उभा राहिला आणि चेंडू किंचित हलला. कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतःहून स्वतःला एक दंडाचा स्ट्रोक लावून घेतला. अधिकाऱ्यांनी विचारपूस केली, निर्णय त्याच्यावरच सोपवला, तो बधला नाही. चार फेऱ्यांनंतर तो बरोबरीत राहिला आणि प्ले-ऑफमध्ये एका स्ट्रोकनं हरला. लोकांनी कौतुक केलं तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं की यात कौतुक कसलं, मी बँक लुटली नाही म्हणून कुणी माझी पाठ थोपटेल का? ही गोष्ट गोल्फ खेळणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जाते, आणि ती सांगायलाच हवी. पण ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की जोन्सनं प्रामाणिकपणापायी ती स्पर्धा देऊन टाकली. तो जिंकला असता, फक्त एक स्ट्रोक आडवा आला.

ती स्पर्धा जिंकली कुणी? विली मॅकफार्लेन नावाच्या, मूळच्या स्कॉटलंडच्या, चष्मा लावणाऱ्या एका व्यावसायिकानं. चार फेऱ्यांनंतर दोघांचे 291 झाले. दुसऱ्या दिवशी अठरा होलांचा प्ले-ऑफ झाला, दोघांना 75 लागले. त्याच दिवशी आणखी अठरा होल खेळले. त्यात जोन्सला 73 लागले आणि मॅकफार्लेनला 72. त्या काळच्या सर्वांत मोठ्या खेळाडूसमोर 108 होल हा माणूस टिकला आणि शेवटी एकानं पुढे गेला. जोन्सच्या मोठेपणाची गोष्ट सांगताना त्याचं नाव बहुतेक वेळा गळतं. जोन्सला ते आवडलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

1929 मध्ये पेबल बीचच्या अमेरिकन अमॅच्युअरमध्ये तर जोन्स पहिल्याच फेरीत हरला. ओमाहाच्या जॉनी गुडमननं त्याला हरवलं. गरीब घरातला पोरगा, कॅडीगिरी करून वाढलेला. त्याच दिवशी दुपारी गुडमनही लॉसन लिटलकडून हरला. मोकळ्या मिळालेल्या दिवसांत जोन्स तिथल्या आसपासच्या सायप्रेस पॉइंट आणि पॅसाटिएम्पो या कोर्सवर खेळला. ते कोर्स आखणाऱ्या ॲलिस्टर मॅकेंझीचं काम त्याला फार आवडलं, आणि पुढे त्याच मॅकेंझीला बरोबर घेऊन त्यानं ऑगस्टा नॅशनल उभारलं. मास्टर्स स्पर्धा तिथे 1934 पासून भरते. गोष्ट सांगणारे बहुधा इथे थांबतात, कारण पराभवातून काहीतरी भव्य निघालं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. प्रत्येक पराभवातून ऑगस्टा निघत नाही. मला त्या प्रसंगातला गुडमन जास्त महत्त्वाचा वाटतो. चार वर्षांनी, 1933 मध्ये, त्यानं यूएस ओपन जिंकली. त्यानंतर आजपर्यंत एकाही हौशी खेळाडूला ती जिंकता आलेली नाही. पेबल बीचवर जोन्स कुण्या अनोळखी पोराकडून नशिबानं हरला नव्हता. एका फार चांगल्या खेळाडूनं त्याला हरवलं होतं, जगाला ते कळायला चार वर्षं लागली.

कॅडींना हे आपल्या आधी कळतं. माझ्या बॅगेबरोबर बरीच वर्षं चालणारा कॅडी मागच्या होलबद्दल कधी एक शब्द काढत नाही. ट्रिपल बोगी होऊन मी पुढच्या टीवर पोचलो की तो हातात चेंडू पुसत शांतपणे सांगतो, “साहेब, एकशे चाळीस. वारा समोरून. सात नंबर घ्या.” समोरच्यानं चांगला फटका मारला की तो खुल्या दिलानं “वा, सर!” म्हणतो, आपली बाजू कुठली याचा विचार न करता. कोर्स बंद असतो त्या दिवशी ही मुलं स्वतः खेळतात, एकमेकांकडून हरतात, आणि दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याचा स्विंग करून दाखवतात. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी म्हणूनच खेळ शिकला. पाहणं हेच ज्यांचं शिक्षण असतं, त्यांना दुसऱ्याचा चांगला फटका बोचत नाही. आम्हा सभासदांना तो का बोचावा?

सर्व पराभव अशा रीतीनं सोसता येतात असं मी म्हणणार नाही. 1956 च्या मास्टर्समध्ये केन व्हेंचुरी हा हौशी खेळाडू शेवटच्या दिवशी चार स्ट्रोकनं पुढे होता. भन्नाट वाऱ्यात त्याला 80 लागले आणि जॅक बर्ककडून तो एका स्ट्रोकनं हरला. आजवर कुठलाही हौशी खेळाडू मास्टर्स जिंकलेला नाही. अशा दिवसाला वेळ हाच उपाय असतो आणि तो वेळ किती लागेल हे कुणी बाहेरून ठरवू नये. 7 ऑगस्ट 2021 ला, आपल्याकडच्या सकाळी, टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक पदकापासून एका स्ट्रोकनं दूर राहिली. जागतिक क्रमवारीत 200 वी असलेली ही मुलगी तीन फेऱ्यांनंतर दुसरी होती. ज्यांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती अशी घरंच्या घरं त्या सकाळी टीव्हीसमोर बसून बर्डी म्हणजे काय ते एकमेकांना विचारत होती. शेवटच्या होलवरचा तिचा पट गेला नाही. संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि देश योग्य कारणानं नाचला. चौथ्या क्रमांकाच्या त्या चार दिवसांना मात्र हवी तेवढी जागा मिळाली नाही. ती ज्यांच्यामागे राहिली त्यांत नेली कोर्डा होती, लिडिया को होती. त्यांच्या तोडीनं चार दिवस खेळणं ही स्वतःच एक कामगिरी आहे, आणि ती तशीच मोजली पाहिजे.

म्हणून मला आपल्या क्लबांना एक विनंती करायची आहे. बहुतेक क्लबहाउसांत भिंतीवर सागवानी फलक असतात, त्यांवर सोनेरी अक्षरांत वर्ष आणि विजेत्याचं नाव. अंतिम सामना दोघं खेळतात. फलकावर एकच नाव असलं की तो सामना झाला होता याची खूणच उरत नाही, नुसता निकाल उरतो. काही ठिकाणी उपविजेत्याचं नावही लिहितात, पण सगळीकडे नाही. यंदाचं वर्ष रंगवायला पेंटरला बोलावाल तेव्हा दुसऱ्या ओळीची जागा सोडा आणि उपविजेत्याचं नाव लिहा, शेजारी सामन्याचा निकालही लिहा: दोन-एक, पाच-चार, किंवा एकोणिसाव्या होलवर. जुन्या वर्षांच्या नोंदी सेक्रेटरींच्या कपाटात सापडतील. नाही सापडल्या तर जुन्या सभासदांना विचारा. कोण कुणाकडून हरलं हे त्यांना नक्की आठवत असेल.